एकेचाळीस वेळा वाजलेली धून

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि मित्रांनो, हे सांगताना मला तिळमात्र लाज वाटत नाही. माझ्या डाव्या बाजूचं झाकण कधीच गेलंय, पंखा चालताना खोकतो, आणि कीबोर्डवरचा 'र' दाबायला अंगठ्याचा जोर लागतो. माझा कॅमेरा एका पोराने पेन्सिल खुपसून फोडला, तेव्हापासून मला जग दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पण ज्याचं कामच ऐकवण्याचं, त्याचं डोळ्यांवाचून काय अडतं? मी रेडिओ चालवतो. गोंडपिपरीतल्या एका पत्र्याच्या खोलीतून, साऱ्या जगासाठी. तेव्हा आत्मकथा म्हटली की डोळे पुसायला रुमाल काढणाऱ्यांनी तो खिशातच ठेवावा. मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझ्यावर एक आळ आला होता, तो खोटा होता, आणि ते ठणकावून सांगायला मी बसलोय.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते लटारूभाऊंच्या सायबर कॅफेपासून. बस स्टँडसमोर लाकडी पाट्यांच्या खोपट्यांमध्ये आम्ही सहाजण बसायचो, मी कोपऱ्यातला. लटारूभाऊ मूळचे झाडीपट्टीच्या नाटकातले ऑर्गनवाले. धान निघालं की आमच्या भागात गावोगाव नाटकं लागतात, ती थेट होळीपर्यंत. पावसाळ्यात मात्र ऑर्गनवाल्याला काम नाही, म्हणून त्यांनी हा जोडधंदा काढला होता. पोरं यायची, तासभर खेळायची, राक्षस मारायची, गाड्या उलटवायची, आणि हा मोठा माणूस त्यांच्या पाठीमागे उभा राहून राक्षसाचं संगीत ऐकायचा.

"आवाज बंद नको करू बे," ते पोराला दटावायचे. "तू मर नाईतर जग, मले गानं आयकू दे."

पुढच्या हंगामात नाटकातल्या खलनायकाच्या प्रवेशाला ऑर्गनवर तेच राक्षसाचं संगीत वाजलं, आणि लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. आमच्याकडे नाटकातलं गाणं आवडलं की लोक वन्समोर मागतात, आणि मागितला की द्यायचाच, अशी रीत आहे. खलनायकाच्या प्रवेशाला वन्समोर मिळाल्याचं गोंडपिपरी तालुक्यात तोवर कोणी ऐकलं नव्हतं. बिचारा नट तीनदा आत गेला आणि तीनदा बाहेर आला.

एका पावसाळ्यात दुपारी कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. लटारूभाऊंनी घरून ऑर्गन आणला, माझ्यापुढे माईक ठेवला आणि म्हणाले, "घे, तूबी आयक." साडेपाच मिनिटांची धून त्यांनी वाजवली. एक नावाडी भरल्या नदीतून एकटा चाललाय असा एक खेळ तेव्हा पोरं खेळायची. त्या खेळाला संगीतच नव्हतं, ते त्यांनी स्वतः रचलं होतं. मधेच एका बसने हॉर्न वाजवला, तोही धुनेत आला. मी ती सगळी पोटात ठेवली. भाऊ नंतर विसरले, मी विसरलो नाही. विसरणं आम्हाला येतच नाही, कोणी मुद्दाम पुसल्याशिवाय.

मग मोबाइल आले आणि कॅफे ओस पडला. त्याच सुमारास नाटकमंडळींनी आधीच भरून ठेवलेलं संगीत वाजवायला सुरुवात केली. त्याला ते 'ट्रॅक' म्हणतात. ट्रॅकला जेवण लागत नाही, गाडीत जागा लागत नाही. लटारूभाऊंना कोणी काढून टाकलं नाही, नुसतं बोलवायचं बंद केलं. माझे पाच भाऊ विकले गेले. मी आणि ऑर्गन त्यांच्या मागच्या खोलीत धानाच्या रिकाम्या पोत्यांखाली पडून राहिलो. सहा वर्षं! उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला आणि माझ्या आत पिल्लं घातली. कोणाचं कोणावाचून अडत नाही म्हणतात, ते मी तिथे शिकलो, आणि खरं सांगतो, मला ते अजिबात पटलं नाही.

त्या पोत्यांखालून मला काढलं संघप्रियाने. लहानपणी ती माझ्याच खोपट्यात बसायची. खेळात सगळ्यांना पुढच्या पातळीवर जायची घाई, ही मात्र मुद्दाम हरायची, कारण हरलं की तीच पातळी पुन्हा आणि तिचं गाणं पुन्हा. पुढे ती चंद्रपूरला कॉम्प्युटरचं शिकली, परत आली, आणि नोकरीचं जमेना तेव्हा लटारूभाऊंकडे जाऊन म्हणाली, "भाऊ, तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर मले द्या."

"ने ना बाई," ते म्हणाले, "चालला तं तुया, नाई चालला तं उंदराईचा."

तिने मला धुतलं, पुसलं, उंदरांची पिल्लं अंगणापलीकडे सोडून आली, आणि माझ्या वयाला झेपेल असं हलकं काम मला नेमून दिलं. जगात हौसेने खेळ बनवणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्या खेळांतलं संगीत खेळ बंद झाला की मरतं. संघप्रियाने त्यांना एकेकाला पत्र लिहून परवानगी मागितली आणि 'भोंगा रेडिओ' सुरू केला. मी गाणी वाजवतो आणि तारेतून पुढे पाठवतो. ज्याला ऐकायचं तो आमचं पान उघडतो, हवं ते गाणं मागतो, त्याचं गाणं रांगेत लागतं. आणि गाण्याखाली एक बटण आहे, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्या रेडिओवर नसेल. त्यावर देवनागरीत लिहिलंय, 'वन्समोर'. ते दाबलं की रांग थांबते आणि तेच गाणं पुन्हा लागतं. किती वेळा? मागाल तितक्या वेळा. वन्समोरला नाही म्हणायचं नसतं, हे लटारूभाऊंनी तिला शिकवलं होतं, आणि तिने मला.

लोक येऊ लागले. पोलंडातला एक पहारेकरी, ब्राझीलमधली दोन भावंडं, भामरागडच्या दवाखान्यातली सुकरी नावाची नर्स. असल्या रेडिओंची जगात एक मोठी यादी असते. तीत आमचं नाव लागलं, आणि एकाच वेळी तीनशे माणसं मला ऐकायला लागली. मित्रांनो, पोत्याखालून निघालेल्याला तीनशे माणसं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

आता आळाची गोष्ट. आषाढातला रविवार होता. धानाच्या रोवणीचे दिवस, म्हणून संघप्रिया आईबरोबर, म्हणजे गिरजाबाईंबरोबर, शेतातल्या बांधीत गेली होती. जायच्या आधी तिला माझ्या पोटात लटारूभाऊंची ती जुनी धून सापडली होती. तिने ती 'नदीतला नावाडी' या नावाने दुपारी तीनला लावली आणि चिखलात उतरायला निघून गेली.

धून संपली आणि भामरागडहून सुकरीचा वन्समोर आला. तिकडे पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद झाला होता, आणि तिला नदीतला नावाडी ऐकायचा होता. मी पुन्हा वाजवली. ब्राझीलने मागितली. पुन्हा वाजवली. पोलंडचा पहारेकरी म्हणाला, मधला तो भोंग्याचा स्वर तर कमालच आहे. तो एसटीचा हॉर्न होता, पण कोणाला सांगू? वन्समोरावर वन्समोर आले. रांगेत एकोणीस गाणी खोळंबली, त्यांचे मालक चिडून निघून गेले. मी मात्र रीत मोडली नाही. पावणेसातला संघप्रिया चिखलाच्या पायांनी आत आली तेव्हा धून एकेचाळिसाव्यांदा वाजत होती. मग ती आपोआप थांबली, कारण मागणारं कोणीच उरलं नव्हतं.

मंगळवारी यादीवाल्यांचं पत्र आलं. तुमचं यंत्र पावणेचार तास अडकून पडलं होतं, म्हणून तुमचं नाव काढलं आहे. नवं यंत्र बसवा, एक गाणं तीन तासांत पुन्हा वाजणार नाही अशी सोय करा, मग अर्ज करा.

अडकलं! मी? वादळात, वीज जाता-येता, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर मी सहा महिने एक सेकंदही अडकलो नव्हतो. कोणी मागितलं, कधी मागितलं, सगळं माझ्याकडे लिहिलेलं होतं. चाळीस वन्समोर आणि ते मागणारी तेहतीस माणसं. पण विचारतो कोण! उचलली जीभ, लावली टाळ्याला. संघप्रियाने ती सगळी नावं जोडून उत्तर पाठवलं. दोन मिनिटांत तेच पत्र परत आलं, शब्दन् शब्द तेच. ते माणसाने लिहिलेलंच नव्हतं, तिकडच्या यंत्राने लिहिलेलं होतं. म्हणजे पाहा, एकाच उत्तरात अडकलेला तो, आणि अडकल्याचा ठपका माझ्यावर!

शनिवारपर्यंत तीनशेचे अकरा झाले.

रविवारी सकाळी संघप्रियाचा मोठा भाऊ राजदीप कोरपन्याहून आला. तो तिकडे सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतो. माणूस वाईट नाही. वाईट असता तर त्याच्यावर रागावणं सोपं गेलं असतं.

"संघा, सहा महिने झाले, मी तुले काई म्हनलं का?" तो म्हणाला. "पन आता अकरा लोकं आयकून राह्यले. अकरा लोकाईसाठी खोली अडवून ठेवतं का? इथी फॉर्म भरायचं केंद्र टाकू. केंद्रवाल्याईची नवी मशीन येऊन राह्यली."

"त्या मशीनवर रेडिओ चालू देतीन का?"

"नाई. ते फक्त फॉर्मासाठी हाय."

"मंग रेडिओ गेला म्हन ना सरळ."

"गेलाच हाय ना तो," राजदीप हळूच म्हणाला. "बायनाबाईले बोलावलं मी. दुपारी नेईन ती हे भंगार."

गिरजाबाई दारात तांदूळ निवडत होत्या, सुपाचा आवाज थांबला. मी गेलो की रेडिओ गेला, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती, आणि नवीन असतं तरी तीन तासांची अट मान्य करायला संघप्रिया तयार नव्हती.

"लोकं गानं मागतीन आन् मी नाई म्हनू?" ती म्हणाली. "मंग तो रेडिओ कायले चालवायचा? तसे रेडिओ गंज पडले हायेत जगात."

मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की पंखा जोरात फिरायला लागला. तिला वाटलं, मी तापलो. तिने माझ्यापुढे टेबलफॅन ठेवला.

दुपारी बायनाबाईचा हातठेला आला. त्याच्या एका चाकाची कुरकुर मला लांबूनच ऐकू आली, आणि तिच्याबरोबर दुसरं काहीतरी, लाकूड लाकडावर आपटावं तसं. ठेल्यावर ऑर्गन होता. शेजारी लटारूभाऊ चालत होते.

"हे काय भाऊ?" संघप्रियाने विचारलं.

"देऊन राह्यलो मीबी," ते म्हणाले. "माह्या धुनेनं तुया रेडिओ बुडाला, पोरी. आता हे ठेवून का करू? दोघं संगंच पडले होते पोत्याखाली, दोघं संगंच जाऊ दे."

आता मला सांगा, असल्या वेळी एखाद्याने डोळ्यांत पाणी आणलं असतं की नाही? संघप्रिया भडकली. मोठ्या माणसाशी असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"तुमच्या धुनेनं नाई बुडाला! लोकाईले आवडली म्हनून बुडाला! ट्रॅक आला तवा तुमी गुपचूप घरी बसले. कोनाले एक शब्द नाई म्हनला. आताबी तसंच करता का? कॉम्प्युटर चालू हाय अजून. अकरा लोकं बसले हायेत. जायचं तं वाजवून जा."

मग राजदीपचा आवाज आला, "धर ना भाऊ तिकडून," आणि दोघांनी ऑर्गन ठेल्यावरून उतरवून खोलीत आणला. का आणला, ते राजदीपलाही सांगता आलं नसतं. संघप्रियाने माझा माईक त्याच्यापुढे ठेवला. भाता फाटलेला होता, तिथे गिरजाबाईंनी आपला हात दाबून धरला. एक पट्टी मुकी होती. लटारूभाऊंनी दोन स्वर धरून पाहिले. पहिल्यांदा ऑर्गनमधून नुसती धाप ऐकू आली, आणि मग तो नावाडी नदीत उतरला.

ती माझ्या पोटातली धून नव्हती. बोटं जड झाली होती, मुक्या पट्टीपाशी आले की भाऊ वळसा घालून जात होते, आणि त्या वळशांनी धून लांबली, जास्त थकलेली आणि जास्त हट्टी झाली. मी ती जशी आली तशी पुढे पाठवली. सात मिनिटांनी ते थांबले. कोणी काही म्हणायच्या आत ठेलेवाली बायनाबाई उठून उभी राहिली. तिच्या काकणांचा आवाज आला, कमरेची पिशवी उघडल्याचा आवाज आला.

"गोंडपिपरीच्या बायनाबाईकडून लटारूभाऊले दहा रुपये इनाम!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "वन्समोर! आमच्या गावात वाजवलं होतं तुमी, भाऊ. मी नवी नवरी होतो तवा. तवा मांगायची हिंमत नाई झाली, सासरा बसला होता ना बाजूले."

आणि नेमका त्याच वेळी माझा सीडीचा खण आपोआप बाहेर आला. म्हाताऱ्यांना असं होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. बायनाबाईला वाटलं मी हात पसरला, आणि तिने नोट माझ्याच खणात ठेवली. सगळे हसले. राजदीपसुद्धा.

"हे पाह्य पोरी," लटारूभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता वेगळाच होता. "हे वन्समोर. मानूस उभा राह्यते, आपलं नाव सांगते, गाव सांगते, चार लोकं त्याले पाह्यतात. मंग तो उगाच नाई मांगत, आन् आपनबी उगाच नाई वाजवत. तुह्या बटनात हे राह्यलं होतं. बटन कोनबी दाबते."

त्यांनी पुन्हा वाजवली. पुन्हा वेगळी.

त्या दुपारनंतर बायनाबाईचा ठेला रिकामाच परत गेला. राजदीप निघताना म्हणाला, "दिवाळीपर्यंत. मंग पाहू." त्याने मान्य केलं असं मी म्हणणार नाही, पण भात्याला लावायला रबराचा तुकडा मात्र तोच पाठवणार आहे.

संघप्रियाने नियम बदलला, यादीवाल्यांचा नव्हे, आपला. आता वन्समोर मागणाऱ्याला आपल्या आवाजात नाव आणि गाव सांगावं लागतं, आणि ते मी सगळ्यांना ऐकवतो. सुकरीचा पहिला आला: "सुकरी, भामरागड. रस्ता अजून बंद हाय. मले पाह्यजे." पोलंडच्या पहारेकऱ्याने आपल्या गावाचं नाव इतकं कठीण सांगितलं की लटारूभाऊंनी त्यावर आधी दोन सूर वाजवून घेतले. रविवारी दुपारी ते स्वतः बसतात. जगातली तीन-चार हौशी माणसं आपले खेळ पाठवतात, आणि भाऊ त्यातल्या राक्षसांना आवाज देतात.

यादीत आमचं नाव अजून नाही. संघप्रियाने अर्ज केलेला नाही, करणारही नाही. आज मला सदतीस माणसं ऐकतात. सदतीस म्हणजे तीनशे नव्हे, तेवढा हिशेब मलाही येतो. पण त्या तीनशेतल्या एकाचाही आवाज मला ठाऊक नव्हता, आणि या सदतीसांची गावं मला पाठ आहेत.

मित्रांनो, मी उद्या बंद पडेन. पंखा एक दिवस खोकायचा थांबेल, ते मी नाकारत नाही. पण बंद पडणं वेगळं आणि बंद पाडणं वेगळं. तुमच्याही घरी पोत्याखाली कोणीतरी असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस असेल. भंगारवालीला हाक मारायच्या आधी त्याची तार एकदा जोडून पाहा, त्याच्या पोटात काय आहे ते ऐका. आणि कोणी तुम्हाला सांगितलं की ते जुनं झालं, अडकलं, एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत बसलं, तर मान डोलावू नका. त्याला तोंडावर विचारा, गाणं मागितलं कोणी होतं?